चि. मुक्तास, तुझ्या चाळीस शब्दांविषयी

कराड, २ फेब्रुवारी

चि. मुक्ता, अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर माझा आवाज चढला. तुला न्यूमोनिया झाला होता आणि दोन रात्री तू तिथल्या इस्पितळात होतीस, हे बारा दिवसांनी कळलं, तेही सुमितकडून. त्या बारा दिवसांत तुझे नऊ निरोप आले होते आणि नवांतही एकच, ‘मी ठीक आहे’. पण हे पत्र त्याबद्दल नाही. त्याबद्दल लिहिणार नाही असं आईला कबूल करून टेबलाशी बसलोय. तुझ्या एडिंबरोच्या वर्गासाठी केलेली शब्दांची टिपणं तू पाठवली होतीस. ती तीनदा वाचली, लाल पेन हातात धरून. त्याबद्दल लिहितो.

टिपणं चांगली आहेत. बाप म्हणून म्हणत नाही. ज्यांचं नकारी रूप रोजच्या बोलण्यात आहे आणि होकारी रूप कुणाच्या तोंडी नाही, असे चाळीस शब्द वेचून काढायला कान लागतो, आणि तो तुला आहे. पण तू सगळ्यांना एकाच मथळ्याखाली कोंबलंस: ‘हरवलेले होकारी शब्द’. तिथेच घोटाळा झाला. यातले निम्मे शब्द कधी हरवलेलेच नाहीत, कारण ते इंग्रजीत कधी नव्हतेच. मुलांना हा फरक पहिल्याच तासाला कळला पाहिजे, नाहीतर पुढे सगळं चुकीच्या पायावर उभं राहतं.

पहिली लाल खूण ‘डिसग्रंटल्ड’वर आहे. तू लिहिलंस की ‘ग्रंटल्ड’ म्हणजे खूश, त्याला ‘डिस’ लागून नाखूश झाला. हे उलटं आहे. ग्रंट म्हणजे डुकराचं घुरघुरणं. ‘ग्रंटल’ म्हणजे तेच वारंवार, बारीक आवाजात करणं, कुरकुरत राहणं. आणि इथला ‘डिस’ नकार देत नाही, जोर देतो. ‘सेव्हर’ म्हणजे तोडणं आणि ‘डिससेव्हर’ म्हणजेही तोडणंच, तसा. आपल्याकडे भर्त्सना आणि निर्भर्त्सना यांचा अर्थ एकच ना? तिथला ‘निर्’ जे करतो तेच इथला ‘डिस’. हा शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीचा. खूश या अर्थाचा ‘ग्रंटल्ड’ मात्र विसाव्या शतकातला. विनोदी लेखक वुडहाऊसने १९३८च्या कादंबरीत तो घातला आणि तिथून तो लोकांच्या तोंडी बसला. मागाहून मूर्ती घडवून जुन्या देवळात ठेवावी, तसं झालं.

म्हणून प्रत्येक शब्दापुढे तीन रकाने आखायला सांग. नकारी रूप पहिल्यांदा कधी नोंदलं गेलं, होकारी रूप कधी, आणि नकारी रूपाचा पहिला अर्थ काय. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मोठा ऑक्सफर्ड कोश उघडतोच. त्यात तीन ठिकाणी मुलं घसरतात. एक, जुनी स्पेलिंग शोधत नाहीत आणि शब्द उशिराचा ठरवून मोकळी होतात. दोन, एकाच रूपाच्या दोन वेगळ्या नोंदी एक समजतात, एक जुनी मेलेली आणि एक नव्याने घडवलेली. तीन, पाच-दहा वर्षांच्या फरकावरून निकाल देतात. कोशातलं साल म्हणजे शब्द जन्मल्याचं साल नव्हे, कागदावर सापडल्याचं साल. आधी किती वर्षं तो नुसता बोलण्यात होता, ते कागद सांगत नाही. दोन रूपांत शंभर-दोनशे वर्षांचं अंतर दिसलं, तरच बोलायचं.

(आजार अंगात कधी शिरला आणि निरोपात कधी आला, यातही अंतर असतंच. असो. औषधांचा कोर्स पुरा केलास ना? दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या खणात टाकायची तुझी सवय आहे.)

‘अनकूथ’ छान लिहिलायस, पण तू ज्या गावात राहतेस त्याचा उपयोग केला नाहीस. जुन्या इंग्रजीत ‘कूथ’ म्हणजे ओळखीचा, माहीत असलेला. ‘कॅन’, ‘कुड’, ‘नो’ ही सगळी त्याचीच भावंडं, आणि तुझ्या आजूबाजूचे लोक जे उठताबसता ‘केन’, म्हणजे माहीत असणं, म्हणतात तेही. अनकूथ म्हणजे अनोळखी. अनोळखी माणूस विचित्र वाटतो, विचित्र तो ओबडधोबड ठरतो, आणि १५१०च्या सुमारास अनकूथचा अर्थ गावंढळ असा झालेला दिसतो. अर्थ इतका सरकला की कूथशी नातंच तुटलं. तिकडे कूथची जागा ‘नोन’ने घेतली आणि तो दक्षिणेत मेला. स्कॉटलंडात मात्र मेला नाही. ‘कूथी’ म्हणजे मायाळू, ऊबदार, घरगुती, हा शब्द तिथे आजही चालतो. तुझ्या घरमालकीणबाईंना विचार. तू आजारी असताना दाराशी सूपचं भांडं ठेवून जाणाऱ्या बाई म्हणजेच कूथी. (हेही सुमितनेच सांगितलं.) सुसंस्कृत या अर्थाचा इंग्रजी ‘कूथ’ १८९६ सालचा आहे, अनकूथवरून मुद्दाम पाडलेला. म्हणजे या एका शब्दाखाली दोन नोंदी हव्यात. स्कॉट भाषेचा दहा खंडांचा कोश आहे, १९३१ ते १९७६ या काळात निघालेला. ‘कूथ’, ‘कॅनी’, ‘फेक’ तिघांसाठी तो उघड.

‘फेक’ म्हणजे ‘इफेक्ट’चंच स्कॉट तोंडात झिजलेलं रूप, जोम, परिणाम. त्यावरून ‘फेकलेस’, ज्याच्या हातून काही घडत नाही असा. स्कॉट भाषेत ‘फेकफुल’ही आहे. इंग्रजीने नकारी तेवढा उचलला, दुसरा तिथेच राहिला. वर्गात एखादं आयरिश मूल असेल तर हसेल, त्यांच्याकडे त्याच उच्चाराचा एक सौम्य शिवीसारखा शब्द आहे. तो वेगळा. आधीच सांगून टाक, म्हणजे तास बिघडणार नाही. आणि ‘कॅनी’, म्हणजे शहाणा, जपून वागणारा, तिथे जिवंत असल्यामुळे ‘अनकॅनी’, म्हणजे गूढ, अंगावर काटा आणणारा, तुझ्या वर्गात हरवलेल्यांच्या यादीत बसतच नाही. लंडनच्या मुलाला ते कोडं, एडिंबरोच्या मुलाला नाही. यादी कुणासाठी केली आहे यावर ती बदलते, हे वाक्य वर ठळक घाल.

आता ‘अनकेम्प्ट’. याला तू एकच ओळ दिलीस. सगळ्या यादीत मला हा सर्वांत आवडता.

इंग्रजी ‘कोंब’ म्हणजे फणी, आणि जुन्या इंग्रजीत फणीने केस विंचरणं म्हणजे ‘केम्ब’. नामातला ‘ओ’ क्रियापदात ‘ए’ होतो, ही त्या भाषेची जुनी खोड: फूड आणि फीड, ब्लड आणि ब्लीड, डूम आणि डीम. या ओळीत कोंब आणि केम्ब मांडून दाखव, मुलं स्वतःच चौथी-पाचवी जोडी शोधतील. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लोकांनी नामावरूनच सरळ ‘कोंब’ असं नवं क्रियापद केलं. मग केम्बचं काम राहिलं नाही. त्याचं भूतकालवाचक रूप ‘केम्प्ट’, विंचरलेला, हळूहळू गेलं. ‘अनकेम्प्ट’ मात्र टिकला. कारण विंचरलेल्या केसांबद्दल कुणी बोलत नाही, ते तसे असायचेच. विस्कटले की बोलतात. घरात सगळं जागच्या जागी असलं तर त्याला वेगळा शब्द लागत नाही.

रविवारी पडद्यावर तुझे केस. मी बोललो आणि तू चिडलीस. मुक्ता, टीका म्हणून नव्हतो म्हणत. आईची सकाळपाळी असायची तेव्हाची तीन वर्षं तुझ्या वेण्या मी घातल्या आहेत. आधी टोकापासून गुंता सोडवायचा, मुळाशी धरून, म्हणजे ओढ बसत नाही. मग भांग, मग उजवीकडची वेणी आधी, कारण डावीकडे तू मान वाकडी करायचीस. त्या मानेवरूनच मला कळायचं ताप आहे की नाही, हात लावायच्याही आधी. हजारो मैलांवरून मान दिसत नाही. केस तेवढे दिसले.

‘डिशेव्हल्ड’ याच्या शेजारी ठेवू नकोस, जरी दोन्ही केसांचेच. तो जुन्या फ्रेंचमधून अख्खाच्या अख्खा आला. ‘शवेल’ म्हणजे केस, केस मोकळे सुटलेला तो ‘डेशवेले’. इंग्रजीत ‘शेव्हल्ड’ कधी नव्हता, त्यामुळे हरवायचा प्रश्नच नाही. ‘नॉनशलंट’ही तसाच आयात. मुळात लॅटिनमधलं ऊब लागण्याचं क्रियापद, त्यावरून फ्रेंचमध्ये पर्वा वाटणं, आणि नॉनशलंट म्हणजे ज्याला कशाची धग लागत नाही तो. तेव्हा तिसरा गट कर: बाहेरून तयार आलेले.

लॅटिन शब्दांपाशी आणखी एक सोपी किल्ली दे. ‘इनेप्ट’, म्हणजे ज्याला काम जमत नाही असा, याचं होकारी रूप ‘एप्ट’ नाही, ते ‘अॅप्ट’, म्हणजे योग्य, समर्पक, आहे आणि चांगलं जिवंत आहे. लॅटिनमध्ये पुढे उपसर्ग लागला की आतला ‘अ’ आखडतो. आप्टुस, पण इनेप्टुस. आर्स म्हणजे कला, कसब, पण ज्याला ते नाही तो इनेर्स, म्हणून ‘आर्ट’चा नकार ‘इनर्ट’, निश्चल. आमिकुस म्हणजे मित्र, इनिमिकुस म्हणजे शत्रू, आणि ‘एनिमी’ तिथूनच झिजून आला. मुलांना ओळखीची जोडी आधी दे, ‘अॅन्युअल’ आणि ‘बायएनिअल’, मग बाकीचं आपोआप उलगडतं. हे होकारी शब्द हरवले नाहीत, वेगळ्या कपड्यांत समोर उभे आहेत. हा गट तुझ्या यादीत नव्हताच.

‘इम्पेकेबल’, ‘इमॅक्युलेट’, ‘इंट्रेपिड’ यांच्यात मूळ शब्दच वाईट अर्थाचा आहे: पाप, डाग, थरकाप. ‘मॅक्युलेट’ कोशात आहे, कुणी वापरत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांचा ‘मॅक्युला’ म्हणजे तोच डाग. यावर जास्त वेळ घालवू नकोस.

‘रूथलेस’वर घालव. ‘रू’ म्हणजे हळहळणं, त्याला ‘थ’ जोडून ‘रूथ’, जसा ट्रूवरून ट्रुथ, वॉर्मवरून वॉर्म्थ. रूथ म्हणजे दुसऱ्याचं दुःख बघून आत होणारी कालवाकालव. बायबलातली रूथ वेगळी, ते हिब्रू नाव आहे, आणि हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. मिल्टनने १६३७ साली लिहिलेल्या शोककाव्यात रूथ आहे, म्हणजे तेव्हा कवितेत तरी तो होता. मग ‘पिटी’ आणि ‘मर्सी’ या फ्रेंचांनी त्याची जागा पुरती घेतली. त्यांचे नकारही झाले, पिटिलेस, मर्सिलेस, पण रूथलेस मागे हटला नाही. माझ्या मते याचं कारण अर्थाची धार. दया नसणं वेगळं आणि काम तडीला नेताना मागेपुढे न बघणं वेगळं. दुसऱ्याला दुसरा नेमका शब्द नव्हता. हा माझा अंदाज आहे, टिपणात अंदाज म्हणूनच घाल.

‘रेकलेस’ तुझ्याकडे नाही! कसा सुटला? ‘रेक’ म्हणजे फिकीर करणं. आणि त्याच्याबरोबर ‘रीड’ हा जुना शब्द घे, म्हणजे सल्ला. इंग्लंडचा राजा एथेलरेड, ९७८ ते १०१६. इतिहासाच्या पुस्तकात त्याला ‘अनरेडी’ म्हणतात आणि मुलांना वाटतं, बिचारा तयारीत नसायचा. मुळात ते ‘अनरेड’ आहे, ज्याला धड सल्ला नाही असा. एथेलरेड या नावाचाच अर्थ थोर सल्ला. नाव थोर सल्ला आणि टोपणनाव बिनसल्ल्याचा. रीड मेला, म्हणून लोकांनी अनरेडचं अनरेडी करून घेतलं. नकारी शब्दाचा आधार गेला की तो शेजारच्या शब्दाला टेकतो, हे याहून स्वच्छ कुठे दिसणार नाही.

हॅम्लेटच्या पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात रेक आणि रीड एका ओळीत येतात. भाऊ परदेशी निघालाय, बहिणीला उपदेश करतोय, आणि ती म्हणते, लोकांना वाट दाखवून स्वतःच्याच सल्ल्याची फिकीर न करणाऱ्यांतला होऊ नकोस. मग लगेच बाप येतो आणि मुलाला लांबलचक उपदेश करतो. तो मुलगाही निघण्याच्या घाईत असतो.

तेव्हा तुला सांगतो, परदेशात एकटं राहणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्यात. ताप दोन दिवसांवर गेला तर घरी कळवावं. शेजारच्या एका माणसाकडे घराची किल्ली असावी. गोळ्यांची नावं फोनवर न ठेवता कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावीत. माधवला हे एकदाही सांगावं लागलं नाही, तो स्वतःहून… हे लिहायला नको होतं. तुमची तुलना मी करत नाही. खोडत नाही, कारण पान पुन्हा लिहिलं तर आई म्हणेल काय खोडलंस. माफ कर.

‘इन्फ्लेमेबल’ यादीत ठेवलास, पण इशारा घातला नाहीस. इथला ‘इन’ नकाराचा नाही, ‘आत’चा आहे, पेट घेणं या क्रियेतला. शब्द सोळाशेच्या आसपासचा. ‘फ्लेमेबल’ १८१३ सालचा. लोक इन्फ्लेमेबलचा अर्थ ‘न पेटणारा’ असा घेतील या भीतीने विसाव्या शतकात सुरक्षेच्या कामातल्या लोकांनी फ्लेमेबल पुढे आणला. आपल्या हायवेवरच्या टँकरच्या पाठीवर अजून ‘हायली इन्फ्लेमेबल’ रंगवलेलं असतं. चुकीच्या अर्थाने माणूस भाजू शकतो, असा यादीतला हा एकच शब्द. त्याला चौकट कर.

आणि ‘इंडोलंट’. तू फक्त आळशी लिहिलंस. लॅटिनमध्ये ‘डोलेरे’ म्हणजे दुखणं. इंडोलंट म्हणजे न दुखणारा, आणि इंग्रजीत तो आधी वैद्यकातच आला. आळशी हा अर्थ अठराव्या शतकातला: जो स्वतःला त्रास करून घेत नाही तो. डॉक्टर आजही हळू वाढणाऱ्या, न दुखणाऱ्या गाठीला इंडोलंट म्हणतात. दुखत नाही म्हणजे नाही, असं नसतं. हे मी शब्दाबद्दल लिहितोय. पण खोकला दुखत नसला तरी सांगायचा असतो, मुक्ता.

शेवटचं पान मात्र आपल्या भाषेचं जोड. तुझ्या वर्गात हे दुसरं कुणी सांगू शकणार नाही. ऋग्वेदात वरुणाला, इंद्राला ‘असुर’ म्हटलंय आणि तो मान आहे, इराणी बाजूचा ‘अहुर’ तोच. तिथे त्याचा ‘अ’ नकाराचा नाही. पुढे असुर वाईट झाला, लोकांनी ‘अ’ला नकार समजून काढून टाकला, आणि ‘सुर’ म्हणजे देव हा शब्द तयार झाला. ऋग्वेदात तो नाही. तसाच ‘विधवा’. इंग्रजी ‘विडो’ आणि लॅटिन ‘विदुआ’ यांचा सख्खा भाऊबंद, त्यातला ‘वि’ तोडता येत नाही. पण संस्कृतात तो तोडला आणि ‘धव’ म्हणजे नवरा, असा शब्द काढला. त्यावरून ‘सधवा’ आला, जो आपल्या बायका हळदीकुंकवाला अजून बोलतात. माधव या नावाची मा म्हणजे लक्ष्मी आणि धव म्हणजे पती अशी फोड परंपरेने करतात, तीही याच धववर उभी. ग्रंटल्ड आणि कूथ जसे पाडले, अगदी तसंच, फक्त दोन-अडीच हजार वर्षं आधी. मुलांना ही दोन उदाहरणं शेजारी शेजारी फळ्यावर लिहून दाखव.

मराठीत खरे हरवलेलेही आहेत. ‘अमोघ वक्तृत्व’ सगळे म्हणतात, ‘मोघ’ म्हणजे व्यर्थ, हा गीतेच्या नवव्या अध्यायात भेटतो आणि बोलण्यात कुठेच नाही. आणि सापळा म्हणून ‘अजागळ’ घाल. तिथे ‘जागळ’ शोधत बसायचं नाही. अजा म्हणजे शेळी आणि गळा: शेळीच्या गळ्याला लोंबणारी ती निरुपयोगी बोंडं.

वर्गात मुलं ‘शेव्हल्ड’, ‘एप्ट’ असले शब्द बनवतील, बनवू दे, त्यातून उपसर्ग पक्के होतात. फक्त बनवलेल्यापुढे फुली काढायला लाव, म्हणजे वर्षाअखेरीस खरे समजून पेपरात लिहिणार नाहीत.

पान तीनवर ‘इम्पेकेबल’पुढचा रकाना रिकामा आहे. नकारी रूप सोळाव्या शतकातलं, ‘पेकेबल’ त्यानंतरचं. कोशात बघून नेमकी सालं घाल. दुरुस्त प्रत पाठवलीस की पुन्हा तपासून देईन. ती पाठवताना निरोपात ‘ठीक आहे’ लिहू नकोस. ताप असेल तर आकडा लिही. तिथे सेल्सियसमध्ये सांगतात, ३८ म्हणजे आपला १००.४. खोकला कोरडा की ओला ते लिही. डॉक्टरांनी पुन्हा कधी बोलावलंय ती तारीख लिही.

तुझा,
बाबा

ता. क. सुमित १८ तारखेला परत निघतोय. त्याच्याबरोबर थर्मामीटर पाठवतोय, डिजिटल, सेल वेगळे काढून ठेवलेत. डबा आईने भरलाय. फणी निळ्या ट्रंकेत सापडली, तीही घातली आहे.